आत्याचा मुराळी

काल आमच्या भाऊच्या नातवाचा गावात सत्कार झाला. ओंकार त्याचं नाव, पुण्याला नोकरीला असतो, आणि सायकलीवर बसून पार कन्याकुमारीला जाऊन आला. सायकलीच्या मागं एक छोटी दोनचाकी गाडी जोडलेली, तिच्यात तंबू, स्टो, कपडेलत्ते, सगळा संसार. लॉजला पैसे घालायचे नाहीत, हॉटेलात जेवायचं नाही, दिवस मावळला तिथं मुक्काम करायचा, असा त्याचा बेत. पोरगं गुणी आहे, त्याच्यावर माझा काही राग नाही, हे आधीच सांगून टाकते. राग आला तो भाऊच्या भाषणाचा. भाऊ म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मारुतीच्या पारावर माईक लावला होता, पुढं सगळं बोरी गाव बसलेलं. भाऊ उठला, खाकरला आणि म्हणाला, "अशी गाडी आमच्या घराण्याला नवीन न्हाई. माझी आत्या पायानं अधू व्हती. तिला लेकीच्या लग्नाला जायचं व्हतं. तवा आमी घरच्या घरी सायकलगाडी तयार केली आन तिला मानानं लग्नाला पाठवलं." टाळ्या पडल्या. कुणीतरी भाऊच्या खांद्यावर शाल टाकली. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली, हातात पेढा, आणि तो पेढा माझ्या मुठीत कधी चुरगळला ते मला कळलं नाही.

"आमी" म्हणाला. ह्या "आमी"त कोण कोण होतं, ते मी आता सांगते. मला लिहायची सवय नाही. शाळा सुटली ती सुटलीच, पुढचं वाचायला मी वाण्याच्या पुडीच्या कागदांवर शिकले. तरी मी बोलते तसं लिहिते, तुम्ही ऐकल्यासारखं वाचा.

प्रयागआत्या ही आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर गंगाखेडच्या पुढं, डोंगराच्या कडंला. सासरी कडब्याच्या गंजीवरून पडली, गुडघा मोडला. गावच्या माणसानं पाय बांधला तो असा बांधला की काठीसारखा सरळच राहिला. नवऱ्यानं गाडीत घालून तिला आमच्या दारात आणून टाकलं. "पाय बरा झाला की न्यायला येतो," म्हणाला. नंतर त्यानं दुसरी बायको केली. लेक सुमन, तेव्हा नुकती चालायला लागलेली, ती तिकडंच ठेवून घेतली. आत्याच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, आणि जागा आमच्या ओसरीवर, कवाडाच्या बाजूला.

आमच्या घराचे आवाज आठवले की मला पहिला तोच आठवतो. शहाबादी फरशीवर काठी टेकल्याचा टक, आणि मागून पाय ओढल्याचा खर्र. पहाटे म्हशीच्या धारा, मग टक-खर्र, मग मायच्या भाकरीचा थापटा. आत्याला चुलीपाशी बसता यायचं नाही, खाली बसली तर पाय लांब पसरून बसावं लागायचं. म्हणून ती ओसरीवर पाय पसरून धान्य निवडायची, लसूण सोलायची, अंबाडी खुडायची. तिनं निवडलेल्या डाळीत कधी खडा लागला नाही. आणि दिवसभर जो येईल तो म्हणायचा, "पाय घे गं बाजूला." आबा म्हणायचे, भाऊ म्हणायचा, कोण कुठला पाहुणा तोही म्हणायचा. तो पाय बाजूला घेता येत नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं. तरी म्हणायचे. आणि ती दोन्ही हातांनी मांडी उचलून तो पाय इकडून तिकडं ठेवायची, जसं एखादं लाकूड ठेवावं. 

सुमनचं लग्न ठरलं, आणि तिच्या चुलत्यानं येऊन आबांना बोलावणं दिलं. का, तर नवरीच्या पाठीमागं मामा उभा राहावा लागतो. मामाशिवाय अक्षता पडत नाहीत. आत्या कवाडाआडून सगळं ऐकत होती. चुलता चहा पिऊन, पान खाऊन, तिच्या पायाला वळसा घालून निघून गेला, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांना मामा पाहिजे होता आणि माय नको होती.

संध्याकाळी आबा जेवायला बसले तेव्हा आत्यानं विचारलं, "दादा, मी कवा निघायचं?"

आबांनी कण्यांत ताक कालवलं. "तुझं मूळ कुठं आलंय?"

आता हे मूळ म्हणजे काय ते हल्लीच्या पोरींना माहीत नसेल. बाईनं सासरी जायचं असो, माहेरी जायचं असो, तिला न्यायला तिकडून माणूस यावा लागतो. तो माणूस म्हणजे मुराळी, आणि तो येणं म्हणजे मूळ येणं. मुराळी पुरुषच असायचा. मुराळी आला नाही तर बाई निघाली कशी, हा सवाल. दोन लुगड्यांचं बोचकं बांधून मुराळ्याची वाट बघत म्हाताऱ्या झालेल्या बाया मी बघितल्यात.

"पोटच्या लेकीच्या लग्नाला मूळ लागतं का, दादा?"

"बिनबोलावता गेलीस तर इज्जत कुनाची जाईल? माझी. आन टेम्पुत जागा बी न्हाई."

भाऊ तोंडात घास ठेवून हसला. "आत्याचा पाय एकटाच दोघाची जागा खातो."

हे त्याचं वाक्य. माईकवर हे नाही बोलला. मी तेव्हा भाकरी वाढत होते, हातातली टोपली तशीच खाली ठेवली आणि परसात गेले. आत्यानं तो पाय उचलून बाजूला ठेवला फक्त.

एसटीनं जावं तर एसटीच्या पायऱ्या उंच, पाय वळत नाही. एकदा चढवायला बघितलं होतं तर कंडक्टर ओरडला, "सामान टपावर टाका." त्यात गाड्या बदलायच्या, आणि शेवटच्या गावाला तर एसटीच जात नव्हती. आणि आम्हा पोरीबाळींच्या हातात दमडी कुठून असणार! परसात, गोठ्यामागच्या सांदीत, आबांची जुनी मोडकी सायकल पडली होती. तिची दोन्ही चाकं धड होती. मी त्या चाकांकडं बघत उभी राहिले आणि म्हशीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "मी नेते."

घरात सांगितलं, पाणी आणायला गाडी करायलीय. उन्हाळ्याचे दिवस होते, आड आटलेला, सगळ्यांना बरंच वाटलं. तुटक्या बाजेचा सांगाडा घेतला, सुंभानं नीट विणला. चाकाचा आख दोन्ही बाजूंनी धरावा लागतो, म्हणून एकेका बाजूला दोन-दोन फळ्या उभ्या मारल्या आणि त्यांच्या मधोमध चाक बसवलं. मागच्या चाकाचा आख रुंद, पुढच्याचा अरुंद, हे मला आधी कळलंच नाही. एक बाजू पुन्हा सगळी उकलावी लागली. भोकं पाडायला सामान नव्हतं, चुलीत सळई लाल करायची आणि लाकडात दाबायची, फस्स करून धूर यायचा आणि माय म्हणायची, "काय जाळायलीस गं?"

आणि मग मी ती चूक केली जी आमच्याच घरातली पोरगी करणार. मी जन्मभर बैलगाडी बघितलेली. म्हणून भाऊच्या सायकलीच्या दोन्ही बाजूंनी दोन वासे घेतले, बैल जुंपावा तशी सायकल जुंपली, करकचून बांधली. वेशीपर्यंत सरळ गेले, मारुतीपाशी वळले आणि धाडकन पडले. पुन्हा बांधली, पुन्हा पडले. कोपर फुटलं, गुडघे सोलले. पारावरची माणसं हसून हसून लोळायची. भाऊ म्हणाला, "बैलाला शिंगं असत्यात द्वारके, तुला त्याच्याबिगर जमायचं न्हाई."

आत्या ओसरीवर लसूण सोलत बघत होती. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाली, "तू का पडायलीस सांगू का?"

"सांग की."

"मी कवा पडते? सपाट चालताना न्हाई पडत, वळताना पडते. माझ्या पायाला गुडघा न्हाई. तुझ्या बी गाडीला गुडघा न्हाई."

मी तिच्याकडं बघतच राहिले. बैल वळताना झुकत नाही. सायकल झुकते, आणि दोन वासे तिला झुकू देत नव्हते. दोन्ही वासे काढून टाकले. गाडीच्या मधोमध एकच चिवट बांबू लावला आणि पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या फाटक्या टायरची जाड पट्टी मागून आणली. पट्टी सीटखालच्या दांडीभोवती गुंडाळली, तिची दोन्ही टोकं बांबूला बोल्ट घालून आवळली. रबरच ते, इकडं वळतं, तिकडं वळतं, चढावर वाकतं, उतारावर वाकतं. आम्ही त्याला गुडघाच म्हणायला लागलो. मी मारुतीला वळसा घालून आले आणि आत्यानं सोललेला लसूण तसाच मांडीवरून सांडू दिला. आतापर्यंत मी तिला कशासाठी गाडी करायलीय ते सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाली, "मला बसून बघू दे एकदा."

टेम्पो लग्नाच्या दोन दिवस आधी निघाला, हळदीला मामाकडची माणसं पाहिजेत म्हणून. आबा, भाऊ, माय, सगळं गणगोत. म्हशीला आणि आत्याला सांभाळायला मला ठेवलं. निघताना माय आत आली, शिंक्यातलं गाठोडं माझ्या हातात दिलं. "दशम्या केल्यात. लसणाची चटनी बी हाय. म्हशीचं मी शेजारच्या सरूला सांगितलंय." एवढं बोलून टेम्पोत जाऊन बसली. मी गाठोडं धरून उभी. दुधात भिजवलेली दशमी ही प्रवासाची भाकरी. घरी बसणाऱ्याला कुणी दशम्या करतं का? माय जन्मात आबांना उलटून एक शब्द बोलली नाही. पण त्या दशम्या तिनं केल्या. मायच्या बाजूनं एवढं मी लिहून ठेवते. आणि माझा तिच्यावरही राग आहे, की तिला एवढंच करता आलं.

टेम्पोचा धुरळा बसला आणि आम्ही निघालो. सायकल भाऊची, गाडी माझी, आणि गाडीत आत्या, पाय पुढं लांब करून, हिरवं इरकल नेसून, डोक्यावर पदर, हातात काठी. बाजेवर वाकळ अंथरली होती. तिला पाय बाजूला घे म्हणणारं कुणी नव्हतं. झरी गाव येईपर्यंत ती नुसती बघत होती. लिंबाची झाडं, कापसाची उपटलेली रानं, विहिरीवरचं इंजन. बारा-तेरा वर्षांत तिनं ओसरीच्या पलीकडं काही बघितलं नव्हतं. मग एकदम म्हणाली, "द्वारके, मुलूख लय मोठा हाय की गं."

चढावर मी उतरून ढकलायची. उतारावर गाडी मागून सायकलीला रेटायची, ब्रेक तर एकच. तिथं आत्या काठी चाकाच्या धावेवर दाबून धरायची. काठी चर्र वाजायची, लाकडाचा वास यायचा, आणि ती ओरडायची, "धरलंय, धरलंय, जाऊ दे!" ज्या काठीचा टक आम्ही वर्षानुवर्षं ऐकला, ती आता आमचा ब्रेक होती. मुक्काम देवळात, पाणी जिथं मिळेल तिथलं, खायला दशमी. परभणीच्या अलीकडं एका चहाच्या हॉटेलावर टोळकं बसलेलं. एकजण म्हणाला, "पोरी, संगं कोन हाय?"

"ह्या काय," मी म्हटलं.

"ह्या तर बसल्यात. वडायला बैल कुठं हायत?"

आत्यानं पदर सारखा केला. "बैल टेम्पुत बसून पुढं गेलेत," म्हणाली. हॉटेलवाला इतका हसला की त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीच्या पुढचा शेवटचा चढ ढकलून आम्ही त्या गावात शिरलो. मांडवात वाजंत्री चालू, चुलाणावर वरण रटरटायलंय, आणि मी घामानं चिंब, पायाला वंगण, केसात धुरळा. मांडवाच्या तोंडाशी आत्याची सासू उभी होती. तिनं गाडी बघितली, आत्याला बघितलं, आणि वाजंत्रीच्या वर आवाज चढवून म्हणाली, "हिला कुनी बलावलं? मूळ कुनी धाडलं? मुराळी कोन आलाय संगं?"

बाया गोळा झाल्या. आबा आले, डोक्याला मामाचा फेटा. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बहीण आल्याचा त्यांना धक्का नव्हता, लोक बघायलेत ह्याचा होता. "द्वारके," दातांतून म्हणाले, "गाडी फिरीव. आत्ताच्या आत्ता." आणि खाली वाकून स्वतःच गुडघ्याचा बोल्ट काढायला लागले. भाऊ मागं उभा, खाली मान घालून. हा माईकवरचा "आमी".

आत्या गाडीतूनच बोलली. आवाज चढवला नाही. "दादा, तुला मूळ आलं व्हतं न्हव? मामा म्हनून? कुनाच्या लेकीचा मामा हायस तू?"

आबांचा हात थांबला. तेवढ्यात बायांच्या गर्दीतून नवरी आली. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा, मुंडावळ्या बांधलेल्या. आईचं तोंड तिला आठवत नव्हतं, पण पुढं लांब केलेला तो सरळ पाय बघून तिनं ओळखलं. ती आबांकडं वळली.

"मामा, तुमी तर सांगितलं, तुझ्या मायलाच यायचं न्हाई म्हनून. दरवर्षी पंचमीला मी निरोप धाडला. दरवर्षी तुमी हेच सांगितलं."

एकही निरोप आमच्या ओसरीपर्यंत आला नव्हता. एकही. आत्यानं आबांकडं बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. ते त्यानंतर कैक वर्षं जगले, ती त्यांच्याच घरात राहिली, पण तिनं त्यांच्याकडं पुन्हा मान वर करून बघितलेलं मी पाहिलं नाही. मला पुष्कळजण म्हणतात, आता गेली ती माणसं, राग सोडून दे. का सोडू? तिचं लेकरू तिला दरवर्षी बोलावत होतं आणि ती कवाडामागं अंबाडी खुडत बसली होती.

सासू पुन्हा म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. मुराळी कोन, ते सांगा."

"ही काय," आत्या काठीनं माझ्याकडं दाखवून म्हणाली. "ही माझी मुराळी."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. सुमन हसली नाही. मांडवात आहेराचं ताट होतं, पाहुण्या पुरुषांना द्यायच्या टोप्या आणि टॉवेल रचलेले. मुराळ्याचा मान असतो, पाय धुवायला पाणी आणि टोपी-टॉवेल. तिनं ताटातली एक पांढरी टोपी उचलली, टॉवेल उचलला, आणि हळदीच्या हातांनी ती टोपी माझ्या धुरळ्यानं भरलेल्या डोक्यावर घातली. "माझ्या मायचा मुराळी हाय," म्हणाली. "पाय धुवायला पानी आना. माय बसल्याबिगर मी पाटावर बसत न्हाई."

पाणी आलं. आत्यासाठी खुर्ची आली, एकदम पुढं. तिच्यासमोर तो पाय लांब पसरलेला, आणि दोघांची जागा सोडून सगळं वऱ्हाड त्याच्या कडेनं उभं. अक्षता पडताना आबा नवरीच्या मागं मामा म्हणून उभे होते आणि मी आत्याच्या मागं टोपी घालून उभी होते.

घरी आल्यावर आबांनी कुऱ्हाड घेतली आणि गाडीचे तुकडे केले. चाकं, बाज, बांबू, सगळं. टायरची पट्टी काही तुटेना, रबरावर कुऱ्हाड उडायची, तेव्हा ती चुलीत घातली. दोन दिवस घरात घाण वास होता आणि कुणी जेवलं नाही. मला काय झालं ते मी लिहीत नाही. पण पंचमीला सुमनचा नवरा स्वतः मुराळी होऊन आमच्या दारात आला, जीप घेऊन. आबांना त्याला पाट द्यावा लागला, चहा द्यावा लागला. आत्या मरेपर्यंत दर पंचमीला तिचं मूळ आलं.

आज सकाळी मी भाऊकडं गेले. शाल घडी करून खुंटीला लावलेली. मी म्हटलं, "भाऊ, गाडी आमी केली म्हनलास?"

"मग काय झालं? सायकल तर माझीच व्हती की गं. आन घरातलंच ना सगळं? तुझं-माझं काय करायलीस ह्या वयात?"

मी घरी आले, पेटी उघडली. टोपी तळाशी आहे, पिवळी पडलीय, आतून हळदीचा डाग अजून आहे. ती डोक्यावर घातली आणि भर दुपारी गावातून चालत परत त्याच्या दारात गेले. पोरं मागं लागली, बाया कवाडात आल्या. भाऊ ओसरीवर बसलेला, मला बघून उठता उठता पुन्हा बसला.

"हे काय सोंग?"

"तुझं मूळ आलंय," मी म्हटलं. "मी मुराळी. ऊठ, पारावर चल. माईक अजून तिथंच हाय. काल बोललास तसं उभं ऱ्हायचं आन पाय कुनाची जागा खात व्हता ते बी सांगायचं."

तो उठला नाही. मी तिथं ऊन उतरेपर्यंत उभी होते. मग घरी आले आणि टोपी न काढता हे लिहायला बसले.